मीठ नको, पीठ आण

आमच्या दवनीवाड्यात अनुसयाकाकू पटले कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी तांदळाच्या पिठाचा डबा मागतात. घरात नवीन सून असेल तर तिला वाटतं, म्हातारी आता भाकरी थापून दाखवणार. ती बिचारी परात, पाणी, तवा सगळं मांडून ठेवते. काकू डब्यातून ओंजळभर पीठ घेतात, घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाकून पसरतात, कंबर धरून सरळ होतात आणि त्या कोपऱ्याला विचारतात, "बोल बापा, काय सांगाचं राहून गेलं तुह्यं?"

कोपरा बोलत नाही. आजवर कोणताच बोललेला नाही. पण काकूंनी विचारायचं सोडलेलं नाही.

काकू भुतांचा तपास करतात, आणि हे शिक्षण त्यांना जपानकडून मिळालं. नात सुटीत आली होती, तिनं टीव्हीवर एक जपानी मालिका लावली. नात नागपूरला परत गेली, मालिका मात्र राहिली. काकूंच्या भिंतीला लागून माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळं रिमोटचं कोणतं बटण दाबायचं हे विचारायला त्यांनी मला हाक मारली. मी गेलो, बटण दाखवलं आणि असा अडकलो की अजून सुटलेलो नाही.

मालिका अशी: शाळेत जाणारी तीन पोरं आहेत. शाळा सुटली की दप्तरं घेऊन गावभर भुतं शोधत फिरतात. बोलतात सगळी हिंदीत, ओठ हलतात जपानीत. पण ती भुताला पळवून लावत नाहीत. त्यांच्यातली चष्मेवाली पोरगी भुतासमोर गुडघे टेकून बसते आणि विचारते, तुमचं काय सांगायचं राहून गेलं? मग ते भूत रडतं, बोलतं आणि निघून जातं. दर भागात हेच. मी दोन भाग पाहिले आणि कंटाळलो. काकू तांदूळ निवडता निवडता सगळे भाग पाहून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या.

"पोट्टे गुनाचे हायेत गजू," त्या मला सांगायच्या. "भुताच्या घरात जातानीबी चपला बाहेर काढतेत. पन जेवाचं काई खरं नाई. माय कुठं मेली त्याईची? एवढे हिंडतेत, एका तरी भागात पोटभर जेवू द्या म्हनावं."

पोरांची जपानी नावं काकूंच्या जिभेला झेपली नाहीत. मग त्यांनी आपली नावं ठेवली. चष्मेवाली झाली शेवंता. ज्याचे केस उभे, तो शिंगाड्या. तिसरा सारखा घाबरतो आणि बाकीच्यांच्या मागं लपतो. त्याला काकू गजू म्हणतात. माझं नाव का, हे मी विचारलं नाही. बायको मात्र घरभर हसत फिरली.

आता खरं सांगायचं तर मी भितो. त्यात लाज कसली? पण काकूंना तपासाला जोडीदार लागतो, मालिकेतही असतो, आणि आमच्या आळीत भर दुपारी मोकळा सापडणारा माणूस मीच. दुपारी अशासाठी की आमच्याकडं रात्रीपेक्षा टळटळीत बाराची वेळ वाईट मानतात. काकूंचं कारण वेगळं आहे. "राती मले दिसत नाई. मोतीबिंदू हाय."

मालिकेतली पोरं दारात मीठ टाकतात. पहिल्या तपासाला निघताना मी घरून मिठाची पुडी घेतली, तर काकूंनी ती माझ्या हातून काढून ओट्यावर ठेवली.

"मीठ नको, पीठ आन. मिठाचा अंदाज आपल्याले नाई बापा. जनमभर ह्यायनं एकच बोलणं लावलं, मीठ कमी पडलं, मीठ कमी पडलं. लगनाच्या दुसऱ्या दिवशी बोलले, तं दवाखान्यात डबा नेला त्या दिवशीबी तेच बोलले."

'हे' म्हणजे दुलीचंदकाका. काका जाऊन काही वर्षं झाली होती. माणूस भला, पण तारीफ करणं त्यांना कधी जमलंच नाही. वासरू झालं तरी म्हणायचे, ठीक हाय.

तर ते पीठ. धानगिरणीच्या बंद खोलीत भर दुपारी कोणी चालतं असा बोभाटा झाला, तेव्हा काकूंनी तिथं पीठ टाकलं. तासाभरानं कुलूप काढलं, तर आत मुंगसाचं अख्खं कुटुंब फिरून गेलेलं. गाव हसलं, गिरणी सुरू झाली. माझा जीव भांड्यात पडला. काकू मात्र वाटभर वळून वळून गिरणीकडं पाहत होत्या.

मग बोपच्यांकडं गूळ गायब व्हायला लागला. कोठीचं कुलूप जसंच्या तसं, गुळाची भेली मात्र रोज झिजते. सुनेनं हाय खाल्ली, मांत्रिक आणायच्या गोष्टी सुरू झाल्या. काकूंनी कोठीत पीठ पसरलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पुढं जाऊन त्यांनी दार उघडलं. मी मागं होतो, मला दिसलं. पिठावर पाऊल उमटलं होतं आणि त्याला अंगठा नव्हता. आता अंगठा नसलेला पाय त्या घरात एकच, साखरेच्या आजारात ज्यांचा अंगठा काढला त्या बोपचे आजोबांचा. कोठीची जुनी किल्लीही त्यांच्याच करदोट्याला. काकूंनी माझ्याकडं एकदा पाहिलं, त्या पावलावर स्वतःचा पाय ठेवला आणि चांगला रगडला.

"उंदीर हाय," त्यांनी बाहेर जाहीर केलं. "घुशीएवढा हाय. केस बंद."

मग परसात जाऊन आजोबांशेजारी बाजेवर बसल्या. "बोला भाऊजी, काय राहून गेलं तुमचं?"

आजोबांनी अंगठा नसलेला पाय बाजेखाली ओढून घेतला. "गोड, वैनी. कोनी गोड देऊनच नाई राहिलं."

काकूंनी सुनेला बाजूला घेऊन काय सांगितलं कोण जाणे, पण शनिवारच्या भाकरीसोबत सुपारीएवढा गूळ आजोबांच्या ताटात पडायला लागला. भेली झिजायची थांबली.

परतताना मी म्हटलं, "सुटलो काकू. भूत नव्हतंच."

"तुले सुटल्यासारखं वाटते गा," काकू म्हणाल्या. "मले नाई वाटत. एकदा तरी कोनी निंगाले पायजे ना."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. अख्ख्या गावात भूत निघालं नाही म्हणून हिरमुसणारी ही एकच बाई. मी घरी येऊन बायकोला विचारलं, तर वनितानं कपाळावर हात मारला. "तुमाले एवढंबी ठाऊक नाई? काकाच्या दहाव्याले काय झालं ते?"

आमच्याकडं माणूस गेला की दहाव्याच्या आदल्या रात्री, जिथं जीव गेला किंवा जिथं मढं ठेवलं होतं, त्या जागी पीठ पसरून त्यावर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलायची. पाखराचा पाय उमटला तर माणूस पाखराच्या जन्माला गेला, गाईचा खूर उमटला तर गाईच्या. जुनी माणसं निरखून सांगतात. कुठं का असेना, नीट पोचला एवढं घरच्यांना कळतं आणि मन निवतं.

दुलीचंदकाकांचं पीठ बैठकीत पसरलं होतं. आणि बैठकीतच निजले होते जावईबापू. नागपूरचे प्रकाशराव, काकूंच्या लेकीचे, रेखाचे यजमान. मे महिना होता. त्यांना गरम झालं आणि झोपेतच उठून त्यांनी कुलर लावला. आमच्या गोंदियाचा कुलर म्हणजे काय विचारता. सकाळी टोपली मोरीत होती, आणि पीठ भिंतीवर, देवावर, जावयांच्या मिशीवर. जावयाला बोलणार कोण? जावई तो जावई. रेखाच्या चुलत्यानं खाकरून म्हटलं, असू द्या, वारा सुटला होता. बायकांनी झाडून घेतलं. अनुसयाकाकू आतल्या खोलीतून बाहेर येईपर्यंत जमीन सारवून झाली होती.

म्हणजे काका कुठं गेले, हे काकूंना कळलंच नाही.

त्यानंतर प्रकाशरावांनी या घराचं पाणी म्हणून घेतलं नाही. रेखाला फाटकाशी सोडायचे, ड्यूटी आहे म्हणायचे आणि गाडी वळवायचे. गाव म्हणालं, नागपूरचा माणूस, टेंभा आहे. रेखा दर खेपेला हट्ट करायची, आई, एकटी किती दिवस राहशील, नागपूरला चल. काकूंचं उत्तर ठरलेलं. "ह्यायचा पत्ता लागला की येतो."

यंदाच्या मे महिन्यात रेखा आली ती नवऱ्याला हाताला धरून आत घेऊन आली. म्हणाली, यावेळी आईला न्यायचंच. प्रकाशराव बैठकीच्या दारात असे उभे, जसा प्रगतिपुस्तकावर बापाची सही आणायला विसरलेला पोरगा हेडमास्तरासमोर. काकूंनी त्यांना पाटावर बसवलं, जेवू घातलं. मग भांडी घासायच्या आधी मला हाक मारली.

"गजू, पीठ आन."

आजवर त्यांनी गावभर पीठ टाकलं होतं, स्वतःच्या घरात कधी टाकलं नव्हतं. मी डबा आणला. वाकता वाकता त्या मला हळूच म्हणाल्या, "आज बी काई नाई उमटलं तं मी आपली चूपचाप जातो नागपूरले. पन मंग हे कुठं गेले ते कधीच नाई समजाचं." ज्या जागी काकांना ठेवलं होतं त्या जागेपासून खिडकीपर्यंत त्यांनी पीठ पसरलं आणि त्या आत जाऊन रेखाजवळ आडव्या झाल्या. मी ओसरीवर बसलो. बैठकीत भिंतीला टेकून राहिले एकटे प्रकाशराव, आणि त्यांच्या डोक्याशी तोच कुलर.

पत्रे तापून टणटण वाजत होते. कुत्रंसुद्धा रांजणाखाली जाऊन झोपलं होतं. दारातून मला प्रकाशराव दिसत होते. बनियन ओलं गच्च, हातात वर्तमानपत्राची घडी, तीही बेतानं हलवत होते, पिठाला झुळूक लागू नये म्हणून. त्यांची नजर एकदा कुलरच्या बटणाकडं गेली, पण हात जागचा हलला नाही. मध्येच कुठूनशी वावटळ उठली, खिडकीची दारं आपटली. प्रकाशराव धडपडत उठले, खिडकी लावली आणि आहे त्या उकाड्यात आणखी कोंडून घेऊन परत भिंतीला टेकले.

चहाच्या वेळेला काकू बाहेर आल्या. पदर सारखा केला, चष्मा लावला, पिठापाशी वाकल्या. मीही मान लांब केली.

पाऊल उमटलेलं होतं. भिंतीपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून भिंतीपर्यंत. घामेजलेलं, पुरुषाचं, चांगलं ठसठशीत.

काकू ते पाऊल बघत राहिल्या. मग बघता बघता त्यांनी मान वळवली, आणि ती शेवंता बसते तशा प्रकाशरावांसमोर गुडघे टेकून बसल्या.

"बोला जावईबापू. काय सांगाचं राहून गेलं तुमचं?"

प्रकाशरावांचा चेहरा आधीच घामानं भिजलेला होता, त्यामुळं रडू कधी सुरू झालं ते कळलं नाही. "आई, तो कुलर मी लावला होता."

"थे तं गावाले ठाऊक हाय. पुढं बोला."

"दवाखान्यात तुम्ही डबा ठेवून खाली गेल्या होत्या. बाबा जेवले आणि मला जवळ बोलावलं. म्हणाले, तुमच्या सासूले सांगजा, मीठ बरोबर हाय. रोजच बरोबर राहे. मी उगाच बोलो, ती आतून येऊन माह्याशी भांडे म्हनून." प्रकाशरावांनी नाक पुसलं. "दहावं झालं की सांगणार होतो. मग ते पीठ उडालं. त्यानंतर कोणत्या तोंडानं तुमच्यासमोर येऊ?"

रेखा दारात आली होती. मी कुत्र्याकडं पाहत बसलो, कारण दुसरीकडं कुठं पाहण्याची सोय नव्हती.

काकू उठल्या. भिंतीवर काकांचा फोटो आहे, लग्नातला, आंबट तोंडाचा. त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "एवढे वर्स काऊन नाई बोलले? मी हरेक दिवशी चिमूटभर जास्त टाको," म्हणाल्या, आणि डोळ्याला पदर लावून हसायला लागल्या. फोटोशी भांडून झालं तशा माझ्याकडं वळल्या.

"गजू, लिहून घे... नाई, राहू दे. केस बंद."

मग रेखाला विचारलं, नागपुरात तुमच्या इमारतीची लिफ्ट आपोआप खालीवर जाते म्हणाली होतीस, ती अजून जाते का? रेखा म्हणाली, जाते. काकू म्हणाल्या, मग पाहायला पाहिजे, पिठाचा डबा भर. माझ्याकडं बघून पुढं म्हणाल्या, पिकाच्या वेळेला परत येतो, तोवर मुंगसावर लक्ष ठेव.

प्रकाशराव अजून भिंतीला टेकून घाम पुसत बसले होते. काकू त्यांच्या डोक्यावरून वाकल्या आणि स्वतःच्या हातानं बटण दाबलं. कुलर घरघरला, बैठकीत पांढरं धुकं झालं.

"बसा आता गारव्यात जावईबापू," काकू म्हणाल्या. "उडू द्या ते पीठ."