सिमरोल वळणाचे सरळीकरण

देश सरळ रेषांनी घडतो. वळण ही मध्ये येणाऱ्या वस्तूची चूक असते; झाड, विहीर, देऊळ, फारच झालं तर माणूस. इंदूरच्या आमच्या रस्ते-आखणी कार्यालयाने हे फार आधी ओळखलं, आणि आवक-जावक विभागाचा वरिष्ठ लिपिक या नात्याने मी ते अठ्ठावीस वर्षं रजिस्टरात उतरवत आलो आहे. लोक आम्हाला हसतात. हसू देत, आपल्या बापाचं काय जातं.

गेल्या वर्षी सिमरोलकडच्या एका जोडरस्त्याला वळण आलं. आलं म्हणजे धम्मदीनाने काढलं. धम्मदीना ही आमची नवी डिझाइन इंजिनीयर. घर महूचं, आजोबा फौजेत होते, त्यामुळे मुलगी वेळेवर येते (कार्यालयाला याची अजून सवय झालेली नाही). त्या जागी गयाबाईंचं पोह्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, ओट्यावर कढई, जिलेबीचं ताट, दोन बाकडी, आणि एवढ्यावर चालणारं चार माणसांचं घर. रस्ता सरळ नेला तर कढई डांबरात जाते. म्हणून धम्मदीनाने कॉम्प्युटरवर साठ मीटर लांबीचं गोल वळण काढून रस्ता ओट्यापासून वीतभर लांब ठेवला. खरं सांगतो, रेघ देखणी होती. मी दोनदा प्रिंट काढून पाहिली.

अडचण मशीनची निघाली. हल्ली रस्ता खोदणाऱ्या मशीनला कॉम्प्युटरमधलीच रेघ देतात आणि ती उपग्रहाला विचारून बरोब्बर त्या रेघेवर पातं चालवते. आमचे ऑपरेटर मालोजी म्हणाले, "भिया, इसको गोल-वोल समजत नाही. तिला पॉइंट द्या. एका पॉइंटपासून दुसऱ्यापर्यंत ती एकदम सीधी जाते, बीच में कोण आहे ते बघत नाही." असा कर्मचारी आपल्याला पहिल्यापासून हवा होता, असं साहेब म्हणाले.

तेव्हा वळणाचे सरळ तुकडे पाडणं आलं. तुकडे जितके जास्त तितकं वळण गोल राहतं. धम्मदीनाने साठ पाडले, एकेक मीटरचे. मूळ रेघेशी फरक तीन मिलिमीटर, मतलब पोह्याच्या एका दाण्याएवढा. झालं असतं काम.

पण आमच्याकडे नमुना क्रमांक अकरा आहे, 'सरळ रेषा प्रमाणपत्र'. रेघ एक, फॉर्म एक, प्रती तीन, प्रत्येक प्रतीवर चार अधिकाऱ्यांच्या सह्या. (वळणाला फॉर्म नाही. नियम झाला तेव्हा कार्यालयात फक्त पट्टी होती, कंपास चोरीला गेला होता.) साठ रेघा म्हणजे सातशे वीस सह्या. त्यातल्या एकट्या साहेबांच्या वाट्याला एकशे ऐंशी. आमचे साहेब प्रतापराव दरबारी घराण्यातले, पूर्वज नुसता शिक्का उमटवत. तरी साहेब दिवसाला सरासरी चार सह्या करतात (सोमवारी दोन).

"बेटा, तीन तुकड्यांत बसव," साहेब म्हणाले.

"सर, तीन केले तर रेघ सव्वा मीटर आत घुसते. गयाबाईंचा ओटा जाईल, कढई जाईल."

"कढई हलती चीज आहे. सही हलत नाही."

यावर रीतसर गोलाई सल्लागार समितीची बैठक झाली. चार सदस्यांपैकी तिघांनी तीन तुकडे सुचवले, चौथ्याने साहेब म्हणतील तेवढे. समोसे गरम होते.

मुलगी हट्टी. तिने नियमांचं पुस्तक वाचून काढलं. हे पुस्तक इतकी वर्षं टिकलं ते कोणी वाचत नाही म्हणून, पण फौजी खानदान, काय करणार. त्यात तिला पोटनियम सापडला : नोटीस लागल्यापासून पंधरा दिवसांत दहा नागरिकांनी लेखी हरकत घेतली, तर तुकडे हरकतदार मागतील तेवढे करावेत आणि साहेबांनी निमूट सह्या कराव्यात. गयाबाईंची स्वतःची हरकत चालत नाही (त्यांचा यात स्वार्थ आहे). धम्मदीनाचीही नाही (ती कर्मचारी आहे). हवे होते दहा परके लोक.

दहा! गयाबाईंकडे रोज दोनशे चाळीस प्लेटा जातात. जवळच्या कॉलेजची पोरं, त्याच्या कॅम्पसचे मजूर, थेट इंदुरातल्या भंवरकुआंहून खास गाडी काढून येणारे शौकीन. धम्मदीनाने तीन तुकड्यांच्या नोटिशीच्या झेरॉक्स काढल्या. खाली जागा कोरी ठेवली : 'माझी हरकत आहे. साठ तुकडे करा. नाव, सही.' आणि गयाबाईंनी पंधरा दिवस पोहे त्याच कागदावर दिले. बाकड्याला दोरीने पेन बांधलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या सांगत होत्या, "भैया, फक्त सही करून जा हो. दुकान वाचेल माझं."

"हो हो मावशी, बिल्कुल," लोक म्हणायचे. "जरा जीरावन मसाला और डालो."

सोळाव्या दिवशी मी हरकतींची नोंद केली. वाटलेले कागद तीन हजार सहाशे. परत आलेले शून्य. पेन मात्र तीनदा चोरीला गेलं. धम्मदीना माझ्या टेबलासमोर उभी राहून ते शून्य बराच वेळ बघत होती. मला फार वाईट वाटलं, हे मी रजिस्टराबाहेर सांगतो.

मग मशीन आली. मालोजींनी ती पहिल्या पॉइंटवर अर्धा तास नुसती उभी ठेवली, खाली उतरून स्वतःच्या हाताने कढई, ताट आणि दोन्ही बाकडी बाहेर काढून दिली. गयाबाई म्हणाल्या, "तुझी काय गलती, बाबा." मालोजींनी गमछ्याने डोळे पुसले, वर चढले, आणि मशीन सीधी गेली. ओटा गेला, छपराचे पुढचे दोन खांब गेले, उरलं त्यात मांजर बसतं. गयाबाई आता कॅम्पसच्या मेसमध्ये भांडी घासतात. काम तीन रेघांत, वेळेआधी पूर्ण झाल्याबद्दल कार्यालयाला ढाल मिळाली.

हल्ली रोज कोणीतरी आवक-जावकच्या खिडकीशी येऊन तावातावाने विचारतं, "भिया, ते मावशींचं दुकान कुठे गेलं? ऐसे कैसे तोडून टाकलं? आणि आम्हाला कोणी विचारलं का?"

विचारलं होतं. तुम्ही त्या नोटिशीवर पोहे खाल्लेत. 'माझी हरकत आहे' या शब्दांवरची शेव बोटाने टिपून खाल्लीत, कागदाला हात पुसले, आणि इंदूरचे जागरूक नागरिक म्हणून तो ओल्या कचऱ्यात टाकावा की सुक्या, याचा उभ्या उभ्या पुरती दोन मिनिटं विचार केलात.