डाग वाचणारे हुसेनमामा

चांगलं पुस्तक कोणतं, हे शिरूरमध्ये कुणी विचारलं तर मी त्याला मास्तरांकडे पाठवत नसे. पेठेच्या टोकाला हुसेनमामांकडे पाठवत असे. मामा पुस्तकं बांधायचे. गावच्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे यायची, दौंडच्या रेल्वे वसाहतीतलीही पोत्यात भरून यायची. पुस्तक हातात आलं की मामा नाव बघत नसत, लेखक बघत नसत. डाग बघत.

"वाचणारा खोटं बोलंल," ते म्हणत. "डाग न्हाई बोलायचा."

एकदा त्यांनी मला एका रहस्यकथेचं शेवटचं पान दाखवलं. ते पहिल्या पानापेक्षा मळलेलं होतं.

"समद्यांनी आधी खुनी बघितलाय. तरीबी पुस्तक पुरं वाचलंय. म्हंजी लिवणारा पक्का हाय. ने."

एका कादंबरीचं नववं प्रकरण तेवढं फुगलं होतं. "हितं बाया रडल्यात," मामा म्हणाले. मी म्हणालो, पावसात भिजलं असेल. मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पाऊस एकाच प्रकरणात पडतो व्हय रं?"

दौंडहून आलेल्या तत्त्वज्ञानाच्या एका जाड ग्रंथावर पाचव्या पानापर्यंत कोळशाचे अंगठे होते आणि पाचव्यावर मोठा तेलकट गोल. "हितं डोकं टेकलं," मामांनी निदान केलं. झोप न येणाऱ्या प्रत्येकाला ते हा ग्रंथ आवर्जून सुचवत.

पण त्यांची सगळ्यात जोरदार शिफारस विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करायच्या पुस्तकाची. त्यात तिसाव्या पानापर्यंत ऑईल होतं, पुढं सगळं कोरं. "तीस पानांत इंजिन चालू झालं. आनखी काय पायजे पुस्तकाकडनं?" केंदूरचे एक आप्पा ते घेऊन गेले आणि त्यांचं कुरकुरत का होईना चालणारं इंजिन कायमचं बंद पडलं. मामांनी पुस्तक परत आल्यावर उजेडात धरलं आणि आप्पांनाच सुनावलं, "तुमचा एकबी डाग न्हाई यात. इंजिनात हात घातला का नुसता डोळा?"

त्या वेळी मी बावीस वर्षांचा होतो. वडील सभांची पत्रकं वाटायचे, मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकलो. त्यामुळे जग सुधारायला सोळा पानं पुरतात, अशी माझी खात्री होती. तेवढ्याच पानांची पुस्तिका मी छापली: 'चुलीलाही रविवार हवा'. कामगाराला आठवड्याची सुट्टी असते, मग घरच्या बाईला का नाही, हा माझा सवाल होता. पाच प्रती वाचनालयाच्या टेबलावर ठेवल्या आणि दोन महिन्यांनी उचलून निकालासाठी मामांकडे नेल्या.

मामांनी पाचही चाळल्या. वाससुद्धा घेतला.

"पापडावानी हायेत."

"म्हणजे?"

"कुणी हात लावला न्हाई, लेखकराव."

"समाज झोपलाय, मामा."

"झोपलेल्याची लाळ तरी गळती. हितं तीबी न्हाई."

मी लिहिणं सोडायचं ठरवलं. दौंडला एका धान्याच्या वखारीत मामेभावाने माझ्यासाठी कारकुनीची जागा बघून ठेवली होती, ती घेतो म्हणून त्याला कळवलं. मामांना सांगितलं, तर त्यांनी समजूतही घातली नाही. "एक प्रत ठिवून जा," एवढंच म्हणाले. मला वाटलं, एखाद्या पुठ्ठ्याला आतून चिकटवायला कागद हवा असेल.

महिन्याभरानं, दौंडची एस.टी. धरायच्या आधी मी निरोप घ्यायला गेलो. दुकानात कुणी नव्हतं. मागच्या खोलीत मामा चुलीपुढे बसून वांगी परतत होते. मामी वारल्याला तेव्हा सहा महिने झाले होते. पिठाच्या डब्यावर माझी पुस्तिका पडली होती आणि ती माझीच आहे हे ओळखायला मला वेळ लागला. पानोपानी हळद, तिखट, तेल.

माझं डोकं फिरलं. "मामा, माझं मन राखायला डाग पाडलेत तुम्ही. ही दया मला नको."

मामा माझ्यावर चिडलेले मी पहिल्यांदाच पाहिले. "चाळीस वरसं डाग बघतोय म्या. म्या खोटा डाग पाडीन व्हय?" मग आवाज खाली आला. "एकट्याचा सैपाक. वांगं शिजस्तवर काय करावं मानसानं? जाड पुस्तक एका हातात मावत न्हाई. तुझं मावतं."

मी पानं उलटू लागलो. अकराव्या पानाचा कोपरा जळून काळा झाला होता. त्या पानावर मी लिहिलं होतं, की सगळ्यांना वाढून झाल्यावर 'तू जेवलीस का' असं घरच्या बाईला कुणी विचारत नाही.

"हितं काय झालं?" नकळत मीही त्यांच्यासारखंच विचारलं.

मामा वांगी हलवत राहिले.

"हितं भाकर करपली," ते म्हणाले.

मग त्यांनी परात माझ्यापुढे सरकवली. "बस. चुलीवर येवढं लिवलंस, आता एक भाकर थापून दाव."

मला भाकरी येत नव्हती. आधी पीठ मळायलाच शिकावं लागलं आणि तेवढ्यात दौंडची एस.टी. निघून गेली.