तुळशीरामभाऊंची रेसर

तुळशीरामभाऊ रस्त्याने जाणाऱ्याला रामराम घालत नाहीत, थेट हातात पाना देतात. "तुले घाई तं नाही ना?" एवढं विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता अंगणात नेतात. सौंदडात आमच्या आळीतला एकही माणूस यातून सुटलेला नाही. मी तर भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी.

अंगणात एक रेसर सायकल उलटी उभी असे. बारीक टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल. ती त्यांच्या मुलाची, महेशची. कॉलेजात असताना तो तिच्यावर पार इटियाडोह धरणापर्यंत जायचा. मग तो पुण्याला नोकरीला लागला आणि सायकल गोठ्यात टांगली गेली. पुढे वहिनी गेल्या, बैल विकले, घरात भाऊ एकटे उरले.

यंदा उन्हाळ्यात महेश फोनवर सहज म्हणाला, "बाबा, मंडईले येतो. माही सायकल काढून ठेवा." दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईची जत्रा भरते, बाहेरगावी गेलेली पोरं तेव्हा घरी येतात. त्या दिवसापासून भाऊंना दुसरं काम उरलं नाही.

अडचण एकच. भाऊंनी जन्मात सायकल खोलली नव्हती.

चाकातले छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, काढले तेव्हा त्यांतला कचरा जावा म्हणून त्यांनी ते सुपात घेऊन धानासारखे पाखडले. निम्मे अंगणभर उडाले. मी वेचून जुळवले तर एक कमी भरला.

"कोंबडीनं खाल्ला असन," भाऊ म्हणाले, आणि आठवडाभर त्या कोंबडीवर नजर ठेवून राहिले.

चेनला त्यांनी जवसाचं तेल पाजलं. मी म्हटलं, "भाऊ, मशीनचं तेल वेगळं असते."

"हे घरचं हाये. शुद्ध. पोराले खाऊ घातलं, त्याच्या सायकलीले काऊन नाही चालत?"

जवसाचं तेल वाळलं की डिंक होतं. दोन-तीन दिवसांत चेन इतकी ताठ झाली की काठीसारखी उभी धरता येई. रॉकेलमध्ये भिजवून ती मोकळी करायला अख्खा रविवार गेला, माझाही.

डावा पायडल निघेना, तेव्हा भाऊंनी पान्याला लोखंडी पाइप जोडला आणि आम्ही दोघं लटकलो. चौकातला मिस्त्री जाता जाता थांबला, पोटभर हसला. "काका, डावा उलटा खुलता है. तुम्ही तं कसून राहिले!"

"मंग आतापर्यंत कायले पाहून राहिला बे?" भाऊ त्यालाच ओरडले, आणि त्याच्याही हातात पाना दिला.

पण मंडईच्या आदल्या दिवशी दुपारी सायकल तयार झाली. भाऊंनी मागचं चाक फिरवलं. जराही डुलत नव्हतं. आम्ही दोघं ते थांबेपर्यंत पाहत बसलो. तेवढ्यात फोन वाजला. भाऊंना कमी ऐकू येतं, म्हणून आवाज नेहमी मोठा. सगळं मलाही ऐकू आलं.

"बाबा, सुट्टी नाही भेटली. यंदा जमत नाही."

भाऊंनी हातातला पाना खाली ठेवला. मग एकदम मोठ्याने म्हणाले, "बरं झालं बापा! तुही सायकल तं अजून खोललेलीच हाये. आला असता तं चालवाले भेटली नसती. तू आपलं काम पाय."

"खरंच बाबा?" पोराचा आवाज हलका झाला. "मग पुढच्या वर्षी नक्की."

फोन ठेवला. मी सोसायटीचे हिशेब तपासतो; एक रुपयाची चूकही पुढे जाऊ देत नाही, अशी माझी ख्याती आहे. ही मात्र जाऊ दिली.

भाऊंनी पाना उचलला आणि मागच्या चाकाचा नट सैल करायला बसले.

"हे काय करून राहिले, भाऊ?"

"खोलून ठेवतो. पोरासंग खोटं कायले बोलाचं?"

नट घट्ट बसला होता. मी चाक धरलं.