बेटावरची थोरली जाऊ

आमची थोरली जाऊ कुणाच्याही प्रश्नाला फुकट उत्तर देत नाही. पैसे घेत नाही, काम घेते. "आक्का, बरी आहेस का?" एवढं जरी विचारलं तरी ती शेंगांचं सूप तुमच्याकडे सरकवते. "फोड तवर. सांगते." जेवढा प्रश्न मोठा तेवढं काम मोठं. एकदा तलाठी जमिनीचं काहीतरी विचारायला आला, तर त्याला तिने गोठ्यावर चढवून उडणाऱ्या पत्र्यावर दगड ठेवायला लावले. घामाघूम होऊन खाली उतरल्यावर त्याला उत्तर मिळालं, "मला काय म्हाईत? मालकांना ठावं हुतं. ते गेले वर. त्यांना इचारा."

हा नियम मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी लागू झाला. मी नगरची, मॅट्रिक पास, सिटी बसमधून हिंडलेली. खेडं सुधारायला एवढं शिक्षण पुरतं अशी माझी समजूत. पायात उंच टाचेच्या चपला, हातात गुलाबी छत्री, आणि चेहरा असा की जणू मला कलेक्टरने पाठवलंय. मी नाक वर करून विचारलं, "इथे नळ कुठे आहे?" आक्काने माझ्या काखेत एक हंडा दिला, डोक्यावर दुसरा ठेवला आणि म्हणाली, "चल, दावते." संध्याकाळपर्यंत मी पाणीच वाहत होते. नळ काही दिसला नाही. त्या दिवसापासून मी 'नगरवाली'. आता माझ्या नातवाला मिशा फुटल्या, तरी आक्काच्या लेखी मी काल आलेली नगरवालीच.

पुढे धरणाचं पाणी आलं. धरण भरलं की पाणी मागे मागे चढत येतं, त्याला आम्ही फुगवटा म्हणतो. त्या फुगवट्यात आमची खालची जमीन गेली, आणि ज्या टेकाडावर घर होतं त्याचं बेट झालं. आम्ही सगळे काठावरच्या नव्या गावठाणात आलो. आक्का आली नाही. "पानी आलंय, वाघ न्हाई," म्हणाली. थोरल्या भावजींनी तिच्यापुढे कधी मान वर केली नव्हती, तेही राहिले. ते गेल्यावर ती एकटी राहिली.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बेटावर चालत जाता येतं. एरवी काहिलीतून. काहील म्हणजे गूळ करायची भलीमोठी लोखंडी कढई. शुगर फॅक्टरी आली, सगळा ऊस तिकडे गेला, गुऱ्हाळ बसलं आणि काहील रिकामी पडली. आक्काने ती पाण्यात ढकलली. या काठाच्या बाभळीपासून त्या काठाच्या बाभळीपर्यंत दोर बांधला. काहिलीत बसायचं, दोर धरायचा आणि स्वतःला ओढत न्यायचं. कढईच ती, तिला ना पुढा ना मागा. दोर सुटला की गरागरा फिरते. पहिल्या खेपेला मी आपली सिनेमातल्यासारखी उभी राहिले आणि छत्री उघडली. वाऱ्याने छत्री भरली, हातचा दोर सुटला आणि काठावरच्या सगळ्या गावाने मला चहूबाजूंनी पाहिलं. आक्का तिकडून एवढंच म्हणाली, "आता तरी बस गं, भवरे."

परवाच्या दिवाळीनंतर आमच्याकडे ऋचा राहायला आली. पुण्याच्या विद्यापीठातली मुलगी. खेड्यांतली आणि बेटांवरची माणसं अडचणीत तग कशी धरतात, काय बदलतात आणि काय सोडत नाहीत, यावर तिचं संशोधन. याआधी ती लांबच्या थंड समुद्रातल्या बेटांवर राहून आली होती. धरणातलं बेट म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. मी तिला आक्काचा नियम सांगितला नाही. मला कोणी सांगितला होता?

तिने पहिलाच प्रश्न टाकला, "गेल्या काही वर्षांत तुमच्या जगण्यात कोणकोणते बदल झाले?"

आक्काने तिला नखशिखांत पाहिलं. एवढा मोठा प्रश्न तिला जन्मात कोणी विचारला नव्हता. "ह्याला भिंतीच सारवाव्या लागतील," ती म्हणाली आणि शेणाची पाटी पुढे केली.

संक्रांतीपर्यंत आक्काच्या घराच्या भिंती सारवून झाल्या, नवी चूल झाली, कोंबड्यांचं खुराडं झालं. ऋचाच्या हाताला घट्टे पडले. एकदा ती थकून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, संकटाला तोंड कसं देता, एवढंच विचारलं. मला कडब्याची अख्खी गंज रचायला लावली."

"आणि उत्तर?"

"म्हणाल्या, 'तोंड देतच न्हाई. पाठ करून बसते. त्यालाच कटाळा येतो, जातं.'"

हे संशोधनात कुठे बसवायचं, याची तिला काळजी लागली होती. मी म्हटलं, जसंच्या तसं घाल.

आक्काने स्वतः मात्र ऋचाला एकच प्रश्न विचारला. मी तिथेच बसले होते. ऋचा मोबाईलवर त्या समुद्रातल्या बेटांचे फोटो दाखवत होती. उघडे डोंगर, दगडी घरं, बंद पडलेली शाळा. आक्का म्हणाली, "हितं म्हातारी कोन ऱ्हाती का, एकली?"

"राहतात की."

"मंग ती हाय का न्हाई, हे कोन बघतं?"

ऋचाने सांगितलं की तिथे सकाळी शेजारची बाई खिडकीतून पाहते. म्हातारीच्या खिडकीचा पडदा सरकवलेला दिसला की समजायचं, ती उठली.

आक्का बराच वेळ त्या फोटोतल्या घराकडे बघत राहिली. "शानी हायेत," म्हणाली आणि मोबाईल परत दिला.

मग उन्हाळा आला, फुगवटा ओसरला, आणि पाणी पुन्हा चढायच्या आत आक्काचा मुलगा भाऊसाहेब शिर्डीहून टेम्पो घेऊन आला. त्याचं तिकडे फुलांचं दुकान आहे, वर दोन खोल्या आहेत. पोरगा वाईट नाही. हिवाळ्यापासून आईचा गुडघा सुजतोय हे त्याला कळलं होतं. काठावर आमच्या ओट्यावर सगळे बसलो.

"आई, आता बास झालं. चल. तिकडं नळ हाय, दवाखाना हाय."

"मला न्हाई जमायचं," आक्का म्हणाली. "ह्या पोरीचं काम आर्धं ऱ्हायलंय. मी उतरले तर बेटावर मानूस न्हाई. मानूस न्हाई तर ती इचारनार कुनाला, कोंबड्यांना?"

ऋचा लाजून म्हणाली, "आक्का, माझं चालेल तसं..."

"तू गप. तुजं नुसकान मी व्हऊ देनार न्हाई."

भाऊसाहेब तापला. "मंग मी काहीलच नेतो भंगारात. बगतो, पाण्यात कशी ऱ्हाती ते."

काहील बाभळीखाली कोरड्या जमिनीवर पालथी पडली होती. तो टेम्पोवाल्याला हाक मारेपर्यंत आक्का लंगडत तिथे पोचली, दोन पोरांना दरडावून तिने काहील उताणी करवली, आत गोणपाट अंथरलं आणि मधोमध मांडी घालून बसली. मांडीत शेंगांचं सूप.

गाव गोळा झालं. कोणीतरी म्हणालं, "आक्का, कुठवर पोचली?"

"तुज्या सासरवाडीपातुर. निरोप हाय का काय?"

दुसरा म्हणाला, "जोरात वल्हव की."

"तू बस पुढं. तुझ्या जिभंनं वल्हवू."

टेम्पोवाला हसून बिडी ओढत बसला. बसल्या माणसासकट काहील उचलणं त्याच्या भाड्यात नव्हतं. दुपार झाली, गाव जेवायला गेलं, भाऊसाहेब माझ्या ओट्यावर डोकं धरून बसला. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले आणि काहिलीत तिच्याशेजारी टेकले. लोखंड तापलं होतं. आम्ही दोघी म्हाताऱ्या त्या कढईत तळायला सोडल्यासारख्या.

"आक्का," मी म्हटलं, "खरं सांग. कशासाठी एवढा हट्ट? मी सोबतीला येऊ का बेटावर? पावसाळाभर राहते."

"नगं," ती झटक्यात म्हणाली. "तू आलीस तर लोक हाका मारायचं सोडतील. म्हनतील, दोगी हायेत, कशाला इचारायचं."

मला काही कळेना. ती शेंगा फोडत खाली बघून बोलली.

"पानी चढलं की काठावरून जो तो हाक मारतो. दूधवाला मारतो, शेळ्या घेऊन जानारी मारती, शाळंची पोरं मारत्यात. आक्का, हायेस का? रोज. त्या भांडकुदळ सखूनं बी हाक मारली. पानी वसरलं की बंद. कुनी इचारत न्हाई. उन्हाळ्यात मी तुमच्यासारखीच. आता शिर्डीला दुकानाच्या वर ऱ्हायले, तर तिथं कोन पुसनार? भाऊसायेब फुलात, सून फुलात."

गावठाणात माझ्या दारावरून दिवसभर माणसं जातात. मी आहे का, असं मला कोणी शेवटचं कधी विचारलं, ते मी आठवत होते.

मग उठले आणि ओट्यावर गेले. "भाऊसाहेब, टेम्पो परत ने. तुझी आई इथेच राहणार."

"काकू, तुमी तरी समजून घ्या. पाण्यात काय झालं तर?"

"मी रोज सकाळी हाक मारीन. उत्तर आलं नाही तर दोर धरून मी जाईन आणि तुला फोन करीन. गुडघ्याला तेल चोळायला ऋचा आहेच, तिचे प्रश्न संपलेले नाहीत."

"आन रातचं?"

"रात्री ती झोपते. तू काय करतोस?"

त्याने बाभळीकडे पाहिलं. आक्का काहिलीतून उठायचं नाव घेत नव्हती. शेवटी भाऊसाहेबच उठला, आईच्या पाया पडला, आणि तिने फोडलेल्या शेंगा पिशवीत भरून घेऊन गेला. टेम्पो रिकामाच खडखडत गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी फुगवट्याच्या काठाशी जाऊन उभी राहिले. पाणी यायला अजून अवकाश होता. मधे नुसता भेगाळलेला गाळ आणि त्यात चरणारे बगळे. चालत गेले असते तर चहा तिच्याकडेच झाला असता. पण मी काठावरूनच, होता नव्हता तेवढा आवाज काढून हाक मारली. "आक्का, हायेस का?"

बगळे उडाले. वर घराचं दार उघडलं.

"येडी का काय गं नगरवाले? पानी कुठंय?"

"नाही पाणी."

"मंग?"

"मंग काय. विचारलं."

ती दारात उभी होती. एवढ्या लांबून तोंड दिसत नव्हतं, नुसतं लुगडं दिसत होतं. मग उत्तर आलं, नेहमीपेक्षा हळू.

"हाय."