हरदासकाकांचा विचाराधीन छंद

क्रोशा शिकावा की दोन सुयांचं विणकाम, या एका प्रश्नावर आमच्या हरदासकाकांनी पूर्ण हिवाळा घालवला. दोन्हींपैकी एकही न शिकता.

मिसरोदच्या आमच्या कॉलनीत ते समोरच्या घरात राहत. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आलेले, आणि काकांनीही इथल्याच एका खात्यात चौतीस वर्षं फायली हलवल्या. किंवा थांबवल्या. त्यामुळे कुठल्याही गोष्टीला सरळ हो किंवा नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "भाजी काय केली काका?" विचारलं तरी उत्तर यायचं, "प्रकरण विचाराधीन आहे."

काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या आजारपणात गेल्या, त्यानंतर आम्ही या कॉलनीत आलो, त्यामुळे मी त्यांना पाहिलेलंही नाही. एका रविवारी सकाळी मी गच्चीत स्वेटर विणत बसले होते. काका वही घेऊन जिना चढून आले.

"शुभाताई, काय करून राहिल्या?"

"स्वेटर."

"मलेही एखादा छंद पाहिजे. पण नवख्या माणसानं काय घ्यावं, हे की क्रोशा? आधी तुलनात्मक अभ्यास झाला पाहिजे."

वहीत दोन रकाने आखलेले होतेच. मी सांगत गेले आणि ते आपल्या भाषेत उतरवत गेले. "दोन सुया : चाळीस टाके एकाच वेळी सुईवर उभे. एक निसटला की खालपर्यंत उसवून जिना. क्रोशा : एकच टाका हजर, बाकी सगळे रिटायर." हे वाचून मी हसले, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "हसू नका जी. हा मुद्दा नंबर एक आहे."

मग दर रविवारी दहाला काका हजर. क्रोशा लोकर जास्त खातो, हा आक्षेप. दोन सुयांतली एक हरवली तर दुसरीचं काय करायचं, हा प्रतिआक्षेप. मी त्यांच्या हातात क्रोशाची सुई देऊन साखळी घालायला शिकवली, तर साखळी अशी काही आवळली की सोडवायला कात्री लागली. पुढच्या रविवारी सुया दिल्या. वीस टाके घातले, दुसऱ्या ओळीत सव्वीस झाले. "हे सहा कुठून आले हो?" ते माझ्याकडे बघत. मी पुन्हा पहिल्यापासून दाखवत असे.

मधल्या दिवसांत बाहेर चौकशा चालत. बसने महाराणा प्रताप नगरला जाताना त्यांनी सुया बाहेर काढल्या, तर शेजारचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला. "दोन सुया : प्रवासास अयोग्य," अशी नोंद झाली. पुतण्याला सोडायला हबीबगंज स्टेशनवर गेले, तिथे बाकावर एक पंजाबी बाई दोन सुयांवर विणत होत्या. काकांनी त्यांना गाठलं. "बहनजी, आपने यही क्यों चुना?" बाईंनी सविस्तर सांगितलं. तेवढ्यात गाडी सुटली आणि पुतण्या दारातून हात हलवत गेला, तो काकांच्या पाठीला.

सुरुवातीला मला मजा वाटायची. मग कंटाळा यायला लागला. मी एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात नोकरी करते, आठवड्यात तो एकच दिवस माझा. नवरा चिडवायचा, "तुझे साहेब आले." फेब्रुवारीत एका रविवारी घरी पाहुणे यायचे होते, ओट्यावर सगळा पसारा, आणि काका दारात.

"शुभाताई, एक मुद्दा राहून गेला..."

"काका, पुरे आता," मी म्हटलं. "क्रोशा घ्या. एक सुई, एक टाका. राहिलेलं मोबाइलवर बघून येईल तुम्हाला. सोपं आहे."

त्यांनी उघड्या वहीवर बोट ठेवलं. "म्हणजे निर्णय झाला?"

"झाला."

"बरं," म्हणाले, आणि वही मिटून जिना उतरले.

त्यानंतर काका आले नाहीत. रस्त्यात दिसत, हात वर करत. मीही कधी विचारलं नाही. रविवार मोकळा मिळाला, याचं मला खरोखर बरं वाटत होतं. एप्रिलमध्ये त्यांची मुलगी मुग्धा येऊन त्यांना हैदराबादला घेऊन गेली. मी ऑफिसात होते. भेट झालीच नाही.

जूनमध्ये मुग्धा घर रिकामं करायला एकटी आली. मी तिला चहाला बोलावलं आणि बोलता बोलता विचारलं, "काकांचा क्रोशा कुठवर आला? मी शिकवायचा प्रयत्न केला खूप, पण हातात बसत नव्हता."

तिनं कप खाली ठेवला.

"बाबांना? मावशी, बाबांना दोन्ही येतं. आईचे केस गेले ना आजारपणात, तेव्हा तिच्या टोप्या बाबांनीच विणल्या. उन्हाळ्याच्या सुती, क्रोशाच्या. थंडीच्या लोकरीच्या, दोन सुयांवर. आईनंच पलंगावरून शिकवलं त्यांना. दवाखान्यातल्या बाकीच्या बायकासुद्धा मागून न्यायच्या. आई गेल्यावर मात्र त्यांनी सुई हातात धरली नाही."

वीस टाक्यांचे सव्वीस करायला जाणत्या माणसाला केवढी मेहनत पडली असेल, एवढंच मनात येत राहिलं. मी सुया हातात धरून दाखवायची, ते मान वाकवून बघायचे. आता वाटतं, ते बघत असलेले हात माझे नसतील.

त्या संध्याकाळी मी त्यांना फोन केला. हवापाण्याचं बोलून झालं. मग धीर करून म्हटलं, "काका, मला टोपी विणायची आहे. वर निमुळती होताना टाके कमी कसे करत जायचे, ते मला नीटसं येत नाही. सांगाल?"

मुग्धा काय बोलली असेल, हे त्यांना कळलं असावं.

"आठ-आठ टाक्यांचे भाग पाडा," ते सावकाश म्हणाले. "प्रत्येक भागात शेवटचे दोन एकत्र घ्या. पुढच्या फेरीत..." आणि थांबले.

"पुढच्या फेरीत काय, काका?"

"फोनवर नाही समजत हे शुभाताई," ते म्हणाले. "समोर बसावं लागते."