कांबळेताईंचा रविवार

कांबळेताई इन्क्युबेटर उघडण्याआधी दारावर टकटक करतात. "आत बायका कामावर हायत. दार न वाजवता कसं घुसायचं?"

बायका म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी. पावणे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये त्या बाटल्यांत वाढतात. वाढवणाऱ्या आम्ही दोघीच. मी एम.एस्सी., पहिला वर्ग. ताई बाटल्या धुता धुता शिकलेल्या. तरी इन्सुलिन जास्त द्यायच्या त्यांच्याच पेशी! पाच वर्षं माझा नुसता जळफळाट चालला होता.

पेशीत एक प्रथिन असतं. ते इन्सुलिनच्या जनुकावर जाऊन बसतं, तेव्हा कुठे तिथलं काम सुरू होतं. ताई त्याला मुकादम म्हणतात. "मुकादम गेला की पेशी मरत नाय. खाते, पिते, नुसती बसून राहते." हे सांगताना त्या माझ्याकडेच का बघायच्या, कोण जाणे.

माझी मिजास एकाच गोष्टीची. पेशींचं गुलाबी खाद्य रोज बदलावं लागतं, नाहीतर पिवळं पडतं. त्यासाठी ताई रविवारीसुद्धा नावड्याहून दोन बस बदलून यायच्या. मी ऐरोलीत झोपलेली असायचे, आणि सोमवारी माझ्या बाटल्या गुलाबीच्या गुलाबी! "माझ्या पेशी सुट्टी पाळतात," असं मी ताईंना ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणायचे. त्या पिपेट पुसत राहायच्या.

गेल्या महिन्यात नवा प्रकल्प आला. सर म्हणाले, "वैशाली, तुझ्या पेशींना रविवारी कोणी लागत नाही, मग त्याच घेऊ. प्रमुखही तूच. पुढच्या महिन्यापासून रविवारी लॅब बंद."

त्यानंतरच्या रविवारी मी मुद्दाम लॅबमध्ये गेले. खरं सांगते, ताईंचा पडलेला चेहरा बघायला गेले.

ताई बाटल्यांचं खाद्य बदलत होत्या. झाकणांवर नाव माझं होतं.

"ताई, हे कधीपासून?"

"तू आलीस तवापासून. माझ्या जेवणार, तुझ्या काय उपाशी बसणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर सरांनी पाळी लावली असती. एक रविवार तुझा, एक माझा." त्यांनी झाकण लावलं. "आमचे हे गेल्यापास्नं घरात आवाज नाय गं. रविवार सरता सरत नाय. आता तर सगळेच बंद."

मला लाज वाटली. रागही आला. आणि खोटं कशाला बोलू, हेवा वाटला तो वेगळाच. सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून जावं असं मला कोणासाठीच कधी वाटलं नव्हतं.

सोमवारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, माझ्या पेशी रविवारी उपाशी राहिल्या तर टिकत नाहीत. लॅब बंद करू नका." इथवर सोपं होतं. पुढच्या वाक्यासाठी मी दारापर्यंत जाऊन परत आले.

"आणि प्रमुख ताईंना करा," मी म्हणाले.