कुलथे अण्णांच्या कोऱ्या नोटा

कुलथे अण्णांच्या घरी गेलं की श्वास रोखावा लागे. वासाचा काही प्रश्न नव्हता. साखर कारखान्याच्या कॉलनीत राहणाऱ्या माणसाला मळीच्या वासानंतर कशाचंच काही वाटत नाही. श्वास रोखायचा तो अण्णांच्या हुकमावरून. अण्णा कपाटातून अल्बम काढत, मांडीवर धुतलेला पंचा पसरत, मिशीतले पांढरे केस उपटायचा चिमटा हातात घेत आणि म्हणत, "हं, आता श्वास रोखा." मग एक कोरी करकरीत परदेशी नोट चिमट्यातून अलगद वर येई. माणसाच्या श्वासातल्या दमटपणानं नोटेचा कडकपणा जातो, असा त्यांचा सिद्धांत होता. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. असं काही होत नाही, हे मी एकदा त्यांना समजावून सांगायला गेलो.

"अहो केमिस्ट, तुमचं शास्त्र उसाच्या रसापुरतं ठेवा," अण्णा म्हणाले. "ही नोट आहे."

अण्णा कारखान्यात टाईमकीपर होते. गेटवर भोंगा वाजून थांबला की त्यांचं पेन टेकलंच. मग येणारा कामगार असो नाहीतर चेअरमनचा भाचा असो, त्याच्या नावापुढं 'लेट' पडे. कोपरगावच्या बाजारात त्यांना नमस्कार करणारे पुष्कळ होते, पण थांबून बोलणारा एकही नव्हता. अशा माणसाला नोटांचा नाद कुठून लागला कोण जाणे. आणि नाद तरी कसा, मुंबईला दुकानात जाऊन विकत घ्याव्यात, तर तेही नाही. "वापरलेली नोट म्हणजे दुसऱ्याची उष्टी पत्रावळ," असं ते म्हणत. त्यांना नोट हवी ती थेट, जी बँक ती छापून बाहेर काढते त्या बँकेकडून. 'थेट' हा त्यांचा लाडका शब्द होता. तो उच्चारताना ते तर्जनी अशी पुढं करत की समोरचा माणूस मागं सरके.

तर अण्णा थेट त्या त्या देशाच्या बँकेच्या गव्हर्नरला पत्र लिहीत. सोबत पोस्टातून मिळणारं उत्तराचं कूपन जोडत. ते परदेशातल्या पोस्टात दिलं की तिथली तिकिटं मिळतात. त्याच्या बदल्यात आपली सगळ्यांत लहान किमतीची एक नवी नोट पाठवावी, अशी विनंती असे. मॅट्रिकपर्यंतच्या इंग्रजीवर त्यांनी हा सगळा कारभार चालवला होता. एक पत्र मी वाचलं होतं. "रिस्पेक्टेड गव्हर्नर साहेब, आय अॅम टाईमकीपर इन शुगर फॅक्टरी. हिअर रेन इज लेस. होप युवर रेन इज गुड." शेवटी घरच्यांची खुशाली विचारलेली असे.

बऱ्याच बँका छापील नकार पाठवत, काही काहीच पाठवत नसत. पण अधूनमधून एखादं जाड पाकीट येई आणि त्यात खरोखरच एक कोरी नोट असे. आइसलंडची आली, त्यावर मेंढरं होती. एका आफ्रिकी देशाची आली, त्यावर दाढीवाले सम्राट होते. एका बँकेच्या साहेबानं तर उलट टपाली लिहिलं, 'आमच्याकडे पाऊस चांगला आहे, सौभाग्यवतींना नमस्कार.' अण्णांनी ते पत्र कॉलनीत प्रत्येकाला वाचून दाखवलं, मला दोनदा.

या सौभाग्यवती म्हणजे गोदाक्का. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवऱ्याच्या नोटा त्यांनी लांबूनच पाहिलेल्या, कारण त्यांना बोलताना श्वास रोखता येत नसे आणि न बोलता त्यांना राहवत नसे. "मेंढरं आपल्या पारनेरकडच्यासारखीच हायेत की वो," असं त्या म्हणायच्या आणि अण्णा अल्बम मिटायचे. दोघांना मूलबाळ नव्हतं. अण्णांच्या भावांशी वाटणीवरून बोलणं तुटलेलं. गोदाक्कांच्या माहेरी कुणी उरलेलं नव्हतं.

मग एकाहत्तर सालची दिवाळी आली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अण्णा ड्यूटीवर होते. संध्याकाळी ते घरी आले आणि त्यांची आरोळी माझ्या घरापर्यंत ऐकू आली. मी धावत गेलो. देवापुढं पाट मांडला होता, पाटावर लक्ष्मीची तसबीर, आणि तिच्यापुढं अण्णांचा सगळा अल्बम सुटा करून ओळीनं मांडलेला. प्रत्येक नोटेवरच्या प्रत्येक चेहऱ्याला, बरोब्बर कपाळाच्या मध्यावर, ओल्या बोटानं हळदीकुंकू लावलेलं. सम्राटांना लावलं होतं, राण्यांना लावलं होतं. आइसलंडच्या नोटेवरची मेंढरंसुद्धा सुटली नव्हती.

"एवढ्या लांबून आलेली पाव्हणी हायेत," गोदाक्का म्हणत होत्या. "सणासुदीला त्यांना कुंकू बी न लावता कपाटात कोंडून ठेवायचं व्हय? बिनकुंकवाचं कपाळ बरं दिसत न्हाई."

अण्णा उंबऱ्यावरच बसले. "मेल्या," ते म्हणाले. "केमिस्ट, सगळ्या मेल्या." डाग पडलेल्या नोटेला संग्रहात काडीची किंमत नसते, हे ते मला हुंदक्याच्या बेतात सांगत राहिले. मला हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती.

त्या दिवसापासून अण्णांनी बायकोशी बोलणं टाकलं. आता दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये न बोलता राहायचं म्हणजे मध्ये कुणीतरी लागतं. ते काम माझ्याकडं आलं. "केमिस्ट, त्यांना म्हणावं आमटीत मीठ कमी आहे." त्या हाताच्या अंतरावर उभ्या. "त्यांना म्हणावं, मिठाची बरणी मांडीपाशीच हाय." मला जेवायचं आमंत्रण वरचेवर मिळू लागलं ते याच कारणानं. बायकोनं भांडून घेतलं तरी चालेल, पण असला अबोला घरात नको, असं मी तेव्हा मनाशी ठरवून टाकलं.

मध्यंतरी एक नवं पाकीट आलं. अण्णांनी मला टाईम ऑफिसात बोलावून दार लावलं आणि कोटाच्या आतल्या खिशातून दोन पुठ्ठ्यांमध्ये धरलेली नोट काढली. कुठल्याशा बेटाची होती. त्यावर एक गुबगुबीत राजा. "थेट," अण्णा कुजबुजले. "ही त्यांच्या नजरेस पडू द्यायची नाही." तेव्हापासून त्यांनी तो कोट अंगावरून काढला नाही.

डिसेंबरात युद्ध पेटलं. खिडक्यांना काळे कागद लागले. नगरच्या छावणीतून लष्कराच्या गाड्या हलल्याच्या बातम्या येत होत्या आणि जो तो शेजाऱ्याकडं संशयानं बघत होता. गेटवर 'लेट' खाल्लेल्या कुणीतरी सोडून दिलं, की टाईमकीपरला परदेशातून पैसा येतो. पोस्टमन शेखभाईंना दोन अनोळखी माणसं भेटून गेली. अण्णांची पाकिटं येणं बंद झालं, म्हणजे ती मध्येच कुठंतरी उघडली जात होती. परवान्याशिवाय परदेशी चलन बाळगणं गुन्हा आहे, हे तोवर त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती नोट होती, पैसा नव्हता.

अण्णा खंगत चालले. एकदा त्यांचं पेन भोंग्यानंतरही टेकलं नाही आणि उशिरा आलेले कामगार घाबरून आपणहून नाव सांगू लागले. त्या दुपारी त्यांनी मला विचारलं, "केमिस्ट, माणूस तुरुंगात गेला की नोकरी जाते का हो?"

"जाते, अण्णा."

"आणि क्वार्टर?"

"क्वार्टर आधी जातं."

"मग त्या कुठं जातील?" असं म्हणून त्यांनी हजेरीचं पान उलटलं.

आणि एका सकाळी जीप आलीच. मुंबईहून आलेले एक चष्मेवाले साहेब, आपल्याकडचे फौजदार आणि लिहून घ्यायला एक हवालदार. पंच म्हणून मला प्रयोगशाळेतून पांढऱ्या कोटासकट उचलून आणलं. दुसरे पंच कॉलनीचे वायरमन गंगाराम. गोदाक्का स्वैपाकघराच्या दारात भिंतीला धरून उभ्या होत्या. त्यांचं तोंड मी पहिल्यांदाच बंद पाहिलं.

"अल्बम," साहेब म्हणाले.

अण्णांनी कपाटातून अल्बम काढला. मांडीवर पंचा पसरला, चिमटा घेतला आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "श्वास रोखा." फौजदारांनी खरोखरच रोखला. मलाही तो घेता येत नव्हता, पण त्याचं कारण वेगळं होतं.

साहेबांनी एकेक नोट पाहिली. "हे लाल काय आहे?"

"लक्ष्मीपूजनाचं कुंकू, साहेब."

"मेंढ्यांनासुद्धा?"

"सुद्धा, साहेब."

साहेबांनी अल्बम बाजूला सरकवला. "या कुठल्या बाजारात कुणी घेणार नाही. यांचं काही तरी करता येईल. आणखी आहेत?"

'नाही' म्हणा, अण्णा, एकदा 'नाही' म्हणा, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो. पण ज्यानं चेअरमनच्या भाच्याला कधी एक मिनिट सोडलं नाही, त्याला ते कुठलं जमायला? अण्णांचा हात कोटाच्या आत गेला आणि पुठ्ठ्यांमधली नोट त्यांनी टेबलावर ठेवली.

साहेबांनी ती उजेडात धरली. "ही कोरी आहे. परवाना?"

"नाही."

"युद्धाचे दिवस आहेत, कुलथे. एवढ्या एका नोटेवर खटला उभा राहतो. नोकरी तर जाईलच." त्यांनी नोट खाली ठेवली आणि जरा वैतागून विचारलं, "पण कशासाठी? एका नोटेत चहासुद्धा येत नसेल तिकडं."

अण्णा खाली बघून बोलले. "साहेब, आमच्याकडं कुणी येत नाही. भाऊ पत्र लिहीत नाहीत. आम्हाला पोरंबाळं नाहीत. शेखभाई सगळ्या कॉलनीत थांबायचे आणि आमच्या दारावरून सायकल पुढं न्यायचे. ही रोज दारात उभी राहून बघायची. एकदा म्हटलं, लिहून बघावं कुणालातरी. जवळच्यांनी नाही तर लांबच्यांनी. पाकीट आलं तेव्हा ही शेखभाईंना चहा करायला धावली. मग मी लिहीतच गेलो."

गोदाक्कांना हे ठाऊक नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. त्या आत गेल्या, करंडा घेऊन बाहेर आल्या आणि आम्हाला काही कळायच्या आत टेबलापाशी पोचल्या.

"ही दिवाळीनंतर आली व्हय," त्या म्हणाल्या. "हिला लावायचं राहिलं हुतं." आणि ओलं बोट त्यांनी त्या कोऱ्या नोटेवर दाबलं.

साहेब ताडकन उठले. "बाई! पुरावा आहे तो! यासाठी तुम्हाला वेगळं आत घालता येईल, कळतंय का?" हवालदारानं पेन वर केलं. "काय लिहू, साहेब? कुंकू कुणी लावलं?"

"मी," अण्णा म्हणाले.

"अहो, आत्ता आमच्या डोळ्यांसमोर बाईंनी..."

"मी लावलं." अण्णा उभे राहिले होते आणि त्यांची तर्जनी पुढं आली होती. "आत्ताचं मी लावलं, दिवाळीचंही मीच लावलं. मेंढरांनासुद्धा. तिचा काही संबंध नाही. लिहा."

दिवाळीपासून बायकोच्या नावानं कॉलनीभर बोटं मोडणारा हा माणूस. साहेब माझ्याकडं वळले. "पंच, तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं," मी म्हणालो. "अण्णांनी लावलं."

"व्हय, आन्नांनीच," गंगाराम म्हणाला. "लई जोरात लावलं."

फौजदार छताकडं बघू लागले. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि त्या नोटेकडं खूप वेळ पाहिलं. मग ते हवालदाराला म्हणाले, "लिहा. पूजेतली परदेशी चित्रं, डागाळलेली. चलनात येण्याजोगी नाहीत." हवालदार लिहीत असताना त्यांनी अण्णांकडून एक कागद लिहून घेतला. यापुढं कुठल्याही परदेशी बँकेशी पत्रव्यवहार करायचा नाही. अण्णांनी सही केली. शेखभाईंची सायकल आता पुन्हा दारावरून पुढं निघून जाणार होती.

जीप गेली. गंगाराम खांबावर चढायला गेला. आम्ही तिघं तसेच उभे होतो. अण्णांनी टेबलावरची नोट उचलली, चिमटा न घेता, हातानं. खिडकीच्या काळ्या कागदाचा कोपरा वर करून त्यांनी ती उजेडात पाहिली. मी सवयीनं दोघांच्या मध्ये सरकलो, निरोप पोचवायला.

पण अण्णा माझ्याशी बोललेच नाहीत. "अगं," ते म्हणाले, "कपाळाला लावायचं होतंस. राजाच्या नाकाला लावलंस की."

"हात कापत हुता माझा," गोदाक्का म्हणाल्या.

मी चपला घातल्या आणि प्रयोगशाळेकडं निघालो. दोघांच्या मध्ये आता माझं काही काम उरलं नव्हतं.